पावसाळ्यात कपाटात ठेवलेला लायपो का फुगला, आणि दुसरा कसा वाचवायचा

प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला राहणाऱ्या एका शौकिनाकडे रिमोटवर चालणारा १/१० मापाचा ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचा) ट्रक आणि २एस (एकापुढे एक जोडलेले दोन सेल), ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचे दोन लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचे, पॅक आहेत. जूनच्या सुरुवातीला दोन्ही पॅक फुल चार्ज केले, तेवढ्यात पाऊस लागला, मैदानाचा चिखल झाला आणि पॅक कपाटातच राहिले. सप्टेंबरअखेर बाहेर काढले तर एक फुगलेला. दुसरा दिसायला ठीक आहे, पण त्याच्यावर गाडी पाच-सहा मिनिटांतच कटऑफला जाते, म्हणजे व्होल्टेज उतरलं म्हणून आपोआप थांबते. फुगलेला वापरता येईल का, दुसऱ्याचं काय करायचं, आणि पुढचे पॅक टिकवायचे कसे?

फुगलेला पॅक संपला. तो चार्ज करू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका, टाचणीने हवा काढायचा तर विचारही नको. त्याची विल्हेवाट कशी लावायची ते शेवटाकडे लिहिलं आहे. दुसऱ्याबद्दल मोजल्याशिवाय काही बोलता येणार नाही. पण आधी हे झालं कशामुळे ते नीट समजून घ्या, नाहीतर नवे पॅकही पुढच्या पावसाळ्यात याच वाटेने जातील.

आपल्याकडच्या हवेत लायपो मैदानापेक्षा कपाटात जास्त मरतात. लायपोच्या एका सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७ आणि पूर्ण भरल्यावर ४.२०. या वरच्या टोकाला सेलमधला कॅथोड इलेक्ट्रोलाइटचं सतत ऑक्सिडेशन करत राहतो. पॅक गाडीतून काढून ठेवला असला तरी ही क्रिया थांबत नाही. तिच्यातून वायू सुटतात, मऊ पाऊच फुगतो, आणि इलेक्ट्रोडवर बसत जाणाऱ्या थरामुळे सेलचा अंतर्गत रोध वाढतो. तापमान वाढलं की या सगळ्याला वेग येतो. ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना वेग दुप्पट धरा. बंद फ्लॅटमधलं, दुपारचं ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं कपाट ही त्यामुळे लायपोसाठी सगळ्यात वाईट जागा. तुमचे पॅक जवळजवळ चार महिने ४.२० वर होते. एक उघड फुगला, दुसऱ्याचा बहुधा रोध वाढला. कारण दोघांचं एकच.

उपाय साधा आहे: ज्या दिवशी गाडी चालवायची त्याच दिवशी सकाळी, फार तर आदल्या रात्री जागे असताना, पॅक फुल करायचा. एरवी प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर ठेवायचा. २एस पॅकला म्हणजे एकूण ७.६ ते ७.७. चार्जरवरचा स्टोरेज मोड नेमकं हेच करतो, पॅक वर असेल तर उतरवतो, खाली असेल तर भरतो. बेत रद्द झाला तर भरलेला पॅक ‘पुढच्या रविवारी लागेलच’ म्हणून ठेवू नका. एक-दोन दिवस चालून जातं, त्यापुढे उतरवायलाच हवा.

लोक इथे कंटाळा करतात, आणि त्यालाही कारण आहे. छोट्या चार्जरची डिस्चार्ज क्षमता फक्त ५ ते १० वॅट असते. २एस ५००० चा भरलेला पॅक स्टोरेजला आणायला साधारण १६ वॅट-तास काढावे लागतात, म्हणजे ५ वॅटवाल्या चार्जरला तीन तासांहून जास्त वेळ. त्यापेक्षा गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब आणा, त्याला तुमच्या पॅकला बसणारा कनेक्टर सोल्डर करा आणि बॅलन्स पिनला (प्रत्येक सेलशी वेगळा जोडलेला पॅकचा छोटा कनेक्टर) बझरवाला चेकर (सेलचं व्होल्टेज दाखवणारं छोटं यंत्र) लावून त्याचा अलार्म ३.८ वर ठेवा. २एसवर हा बल्ब दीड अँपिअरच्या आतबाहेर खेचतो आणि दीडएक तासात काम होतं. दोन बल्ब समांतर जोडले तर निम्म्या वेळात. बल्ब चांगलाच तापतो, म्हणून तो लादीवर ठेवा आणि बझर वाजेपर्यंत त्याच खोलीत थांबा. बझर वाजला की बल्ब काढा. भार गेल्यावर सेल ३.८२-३.८३ ला स्थिरावतात.

चेकर मात्र नंतर पॅकला लावून ठेवू नका. तो स्वतः थोडा करंट खातो आणि तोही काही चेकर सगळ्या सेलमधून सारखा घेत नाहीत. काही आठवड्यांनी एक सेल खाली गेलेला सापडतो तो यामुळेच. ईएससीचंही (गाडीतला मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) तसंच: स्विच बंद असला तरी अनेक ईएससी पॅकमधून थेंब-थेंब घेत राहतात. गाडी घरी आणली की पहिलं काम कनेक्टर ओढायचं आणि पॅक ट्रेमधून बाहेर काढायचा. पावसाळ्यासारख्या लांब विश्रांतीत महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा. चांगला पॅक महिनाभरात फारसा हलत नाही. दोन सेलमधला फरक दर महिन्याला वाढत असेल तर एका सेलमध्ये आतून गळती आहे असं समजा.

फ्रिजमध्ये ठेवावा का, असंही विचारलं जातं. थंडीत रासायनिक झीज मंदावते हे खरं. पण आपल्या दमट हवेत थंड पॅक बाहेर काढला की त्यावर आणि कनेक्टरच्या आत पाणी धरतं. शिवाय घरातल्या खाण्याच्या वस्तूंशेजारी लायपो नकोच. स्टोरेज व्होल्टेज नीट पाळलं तर पंखा फिरणाऱ्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यात तो व्यवस्थित राहतो. डब्याचं झाकण घट्ट बसणारं नको. आत वायू झाला तर त्याला वाट हवी.

आता तुमचा दुसरा पॅक. आधी तो सपाट लादीवर ठेवून बघा. हार्डकेस असेल तर सूज आत लपते. केस डुगडुगते का, जोडाची रेघ उघडली आहे का, ट्रेमध्ये पूर्वीपेक्षा घट्ट बसतो का, हे तपासा. यातलं काहीही दिसलं तर तोही बाद. नसेल तर चेकरने दोन्ही सेल वाचा. दोन्ही ३.० च्या वर असतील तरच पुढे जायचं. पहिलं चार्जिंग निम्म्या वेगाने, २.५ अँपिअरवर, बॅलन्स मोडमध्ये (दोन्ही सेल बरोबरीने भरणारा मोड), आणि समोर बसून. पूर्ण झाल्यावर दोन सेलमध्ये ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. मग चार्जरमध्ये अंतर्गत रोध दाखवण्याची सोय असेल तर प्रत्येक सेलचा मिलिओहम आकडा लिहून ठेवा. पॅक थंड असताना हा आकडा जास्त येतो आणि गरम असताना कमी, म्हणून नेहमी खोलीच्या तापमानाला मोजा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

नंतर गाडी कटऑफपर्यंत चालवा, पॅक काढा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा दोन्ही सेल वाचा. निदान इथेच होतं. दोन्ही सेल ३.७५-३.८० ला परत चढले असतील तर पॅकमध्ये ऊर्जा शिल्लक आहे, पण वाढलेल्या रोधामुळे थ्रॉटल देताच व्होल्टेज कोसळतं आणि ईएससीला पॅक संपल्यासारखा वाटतो. एक सेल ३.७५ आणि दुसरा ३.४ असेल तर दुसरा सेल दुबळा झाला आहे, आणि तो पॅक कुठल्याच गाडीत वापरू नका.

रोधाचा परिणाम आकड्यांत बघा. ५००० एमएएचच्या चांगल्या नव्या पॅकला छंदाच्या चार्जरवर प्रत्येक सेलमागे साधारण २ ते ५ मिलिओहम दिसतात. ३ मिलिओहमच्या सेलमधून ६० अँपिअर खेचले तर ०.१८ व्होल्ट पडतात आणि सेलमध्येच जवळपास ११ वॅट उष्णता तयार होते. तोच सेल ८ मिलिओहमचा झाला की ०.४८ व्होल्ट पडतात आणि उष्णता होते २९ वॅट. २एसमध्ये दोन सेल, म्हणजे एका लहान सोल्डरिंग गनइतकी उष्णता पॅकच्या पोटात. ती सेलला आणखी खराब करते. म्हणून नव्या पॅकचा पहिला आकडा टेपवर लिहून पॅकलाच चिकटवा. तो दुप्पट झाला की जोरदार गाडीतून पॅक काढा. तुमचा पॅक फक्त रोधाच्या बाबतीत मार खाल्लेला निघाला, सेल बरोबरीचे असले आणि सूज नसली, तर मंद चालणाऱ्या क्रॉलरला (दगडांवर चढणाऱ्या गाडीला) तो अजून काही काळ चालेल. त्याचा करंट कमी असतो.

चार्जरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पॅकसोबत फुकट येणारा तीन दिव्यांचा, बॅलन्स पिनमधून भरणारा छोटा चार्जर बाजूला ठेवा. तो एक अँपिअरच्या आसपास भरतो, म्हणजे ५००० एमएएचला पाचएक तास. मग माणूस रात्री लावून झोपतो. त्यात स्टोरेज मोड नसतो आणि किती एमएएच गेले तेही कळत नाही. स्क्रीनवाला बॅलन्स चार्जर घ्या आणि त्याची वॅट क्षमता बघून घ्या. २एसला ५ अँपिअरने भरायचं तर शेवटी ८.४ गुणिले ५, म्हणजे ४२ वॅट लागतात; ५० वॅटचा चार्जर पुरतो. ३एसला तेच ६३ वॅट होतात, तिथे ५० वॅटवाला ४ अँपिअरच्या खाली अडकतो. नुकसान काही नाही, वेळ जास्त लागतो एवढंच.

सेटिंग करताना तीन गोष्टी दर वेळी बघा: प्रकार लायपो, सेल २, करंट १सी. १सी म्हणजे पॅकची क्षमता अँपिअरमध्ये: ५००० एमएएचला ५, २२०० ला २.२. पॅकवर ५सी चार्जिंग छापलेलं असलं तरी घाई नसेल तर १सीच ठेवा. लायएचव्ही (जास्त व्होल्टेजच्या लायपोचा) मोड ४.३५ व्होल्टपर्यंत भरतो. साध्या लायपोवर तो चुकून लागला तर आग लागू शकते. निकेल बॅटरीच्या मोडमध्ये तर प्रति सेल मर्यादाच नसते. मेलेला पॅक ‘उठवायला’ निकेल मोड वापरायची शिफारस ऐकायला मिळते, ती ऐकू नका. सेल फार खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातून तांबं विरघळतं आणि पुन्हा भरताना ते भलत्याच जागी बसून आत शॉर्ट करतं. विसावल्यावरही २.५ च्या खाली राहिलेला सेल बाद समजा. शिवाय चार्जरचा सुरक्षा टायमर १२० मिनिटांवर आणि क्षमतेची मर्यादा ५५०० एमएएचवर ठेवा. चार्जर चुकला तर तो इथे थांबेल.

मैदानात सगळ्यात जास्त पॅक मारणारी चूक म्हणजे कटऑफ चुकीचा असणं. ब्रश मोटरच्या साध्या ईएससीवर बऱ्याचदा एक छोटा जम्पर असतो, एका बाजूला लायपो आणि दुसऱ्या बाजूला निकेल. तो निकेलवर राहिला तर लायपोसाठी कटऑफच नाही. ब्रशलेस ईएससीमध्ये कमी, मध्यम, जास्त किंवा ३.०, ३.२, ३.४ असे पर्याय असतात. जास्त किंवा ३.४ निवडा. तरीही लक्षात घ्या, ईएससी बहुधा पॅकचं एकूण व्होल्टेज बघतो. एकूण ६.८ म्हणजे दोन्ही ३.४ असतील, किंवा एक ३.७ आणि दुसरा ३.१ असेल. म्हणून भरवसा ईएससीपेक्षा टायमरवर ठेवा. ५००० पैकी ८० टक्के, म्हणजे ४००० एमएएच काढायचे. सरासरी २० अँपिअर खाणारी गाडी ते १२ मिनिटांत संपवते. पहिल्यांदा ८ मिनिटं चालवा, परत भरताना चार्जरने किती एमएएच घातले ते बघा, आणि त्यावरून तुमच्या गाडीचे मिनिट ठरवा. धावल्यानंतर विसावलेला सेल ३.७० ते ३.७५ ला असावा. पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात, खारघरच्या टेकडीच्या पायथ्याशी असतं तसल्या, तीच गाडी कितीतरी जास्त करंट खाते. तिथे मिनिटं कमी करा. पॅक हाताला धरवत नाही इतका तापत असेल, म्हणजे ६० अंशांकडे जात असेल, तर आधी पिनियनचे (मोटरवरच्या छोट्या गिअरचे) दात कमी करा. चांगल्या जुळणीत तो ५० च्या आत राहतो. गरम पॅक लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या.

नेण्या-आणण्यातही ऊनच मारतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद कारच्या आत तापमान सहज ५५-६० ला पोचतं, आणि भरलेल्या पॅकसाठी वरचं व्होल्टेज आणि उष्णता ही दोन्ही वाईट कारणं एकत्र येतात. स्कूटरची डिकी त्याहून वाईट: खाली इंजिनची धग, आणि अनेक मॉडेलमध्ये शेजारीच पेट्रोलची टाकी. पॅक थर्मोकोलच्या खोक्यात किंवा जाड टिफिनच्या पिशवीत घालून खांद्यावर न्या. बर्फाची गरज नाही, ऊन लागू दिलं नाही तरी पुरतं. कनेक्टरवर टोपी हवीच; चाव्या आणि सुटे पैसे त्याच कप्प्यात नकोत.

वाशी, नेरुळ, बेलापूरच्या खाडीकाठी हवेत मीठही असतं, आणि ठाण्याच्या खाडीलगत वेगळं काही नाही. कनेक्टरची सोनेरी पिन काळवंडली किंवा तांब्यावर हिरवट थर आला की रोध वाढतो. गाडी थांबल्यावर कनेक्टरला हात लावा. वायरपेक्षा कनेक्टर जास्त गरम असेल तर दोष तिथेच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसून फरक पडला नाही तर बदला. जुना पांढरा टामिया कनेक्टर ब्रशलेसच्या करंटला पुरत नाही, एक्सटी६० (जास्त करंट पेलणारा कनेक्टर) बसवा. पॅकच्या दोन्ही वायर एका वेळी कधीही कापू नका. पक्कड दोन्हींना टेकली की थेट शॉर्ट. एक कापा, हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आधी वायरवर चढवा, सोल्डर करा, झाका, मगच दुसरी. ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डर वापरा. कनेक्टरमध्ये त्याचा जोडीदार खोचून सोल्डर करा, म्हणजे प्लास्टिक मऊ होऊन पिन वाकड्या होत नाहीत. डबक्यातून गाडी गेली असेल तर पॅक काढून बॅलन्स पिनमधलं पाणी झटका आणि पंख्याखाली वाळवा. ओल्या पिनने चार्जिंग नाही.

फ्लॅटमध्ये चार्जिंगची जागा नीट निवडा. मुख्य दाराजवळ नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच आहे. स्वयंपाकघरात सिलिंडरजवळ नको, पलंगावर किंवा पडद्याखाली नको, सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरींच्या रांगेतही नको. पावसाची झड न येणारी बाल्कनी किंवा खिडकीखालची लादी चांगली. मोठ्या मातीच्या कुंडीत पॅक ठेवा, वायर काठावरून बाहेर काढा. लायपोची पिशवी मदत करते, पण पेटलेला मोठा पॅक ती पूर्ण रोखेल असं धरू नका. शेजारी कोरड्या रेतीची बादली हवी. बांधकाम साहित्याच्या दुकानात रेती मिळते, ती उन्हात पूर्ण वाळवून झाकून ठेवा. पावसाळ्यात ती पुन्हा ओल धरते.

चार्ज होत असताना पॅक फुगायला लागला, शिसकारा आला किंवा गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. पॅक कुंडीत असेल तर वरून रेती ओता आणि खोली सोडा. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, तो छातीत घेऊ नका. पावडरचा अग्निशामक ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली उष्णता तशीच राहते आणि पॅक पुन्हा पेटू शकतो. लायपोमध्ये लिथियम धातूच्या रूपात नसतं, त्यामुळे वीज तोडल्यावर दुरून भरपूर पाणी ओतणं योग्यच आहे. ते सेल थंड करतं. आग कुंडीबाहेर गेली तर १०१ किंवा ११२.

आता तो फुगलेला पॅक. बाल्कनीत कुंडीत ठेवून त्याला तोच २१ वॅटचा बल्ब जोडा आणि बल्ब विझल्यावरही दिवसभर तसाच राहू द्या. बाहेर ऊन असेल तर सावलीत. मल्टिमीटरवर शून्याच्या जवळ आलं की प्रत्येक वायर वेगळी कापून टोकांना टेप लावा. मिठाच्या पाण्यात बुडवायची पद्धत भरवशाची नाही: बाहेरच्या पट्ट्या गंजून तुटतात आणि सेलमध्ये चार्ज तसाच अडकून राहतो. पाऊच फाटलेला असेल तर मात्र काहीही जोडू नका, कोरड्या रेतीत पुरून तसाच पुढे द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही; कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की तो तिथे पेटतो आणि धोका सफाई कामगारांना होतो. भंगारवाल्यालाही नको, कारण तिथे तो हातोडीखाली जाईल. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ग्राहकाने वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवायची असते. महापालिकेच्या ई-कचरा संकलनात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या आणि देताना ‘लिथियम, फुगलेली’ असं पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा.

बदली पॅक घेताना सी-रेटिंगच्या (पॅक क्षमतेच्या किती पट करंट देतो त्याच्या) मोठ्या आकड्याला भुलू नका. ५००० एमएएच १००सी म्हणजे कागदावर ५०० अँपिअर. त्या जाडीच्या वायरीतून ते सतत जाणं शक्यच नाही. वजन बघा: एकाच क्षमतेच्या दोन पॅकमधला खूप हलका पॅक बहुधा छापलेली क्षमता देत नाही. दुकानात घेत असाल, लॅमिंग्टन रोडला किंवा जवळपास, तर चेकर सोबत न्या. दोन्ही सेल ३.८ च्या आसपास आणि एकमेकांत ०.०२ च्या आत असले तर घ्या, ३.५ च्या खाली सापडलेला ‘नवा’ पॅक बराच काळ शेल्फवर पडून आहे. आणि एकाच वेळी चार घेऊ नका. दोन पॅक पुरतात: एक चालतो, दुसरा निवतो, आणि घरी आल्यावर दोघांना स्टोरेजवर आणणं एका संध्याकाळीच उरकतं.